वाजत्या तबकड्या, धावत्या गाड्या, बोलत्या वस्तू

प्रस्तावना

जुन्या मोटारी, जुन्या ध्वनिमुद्रिका आणि घराघरांत जपलेल्या आठवणींच्या वस्तू यांच्यावरचे लेख एकाच पुस्तकात आणायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच की या तिन्हींचा एकमेकींशी संबंध काय? मोटार गॅरेजात असते, तबकडी कपाटात आणि आजीचा अडकित्ता ट्रंकेच्या तळाशी. त्यांचे बाजार वेगळे, दुरुस्त करणारे हात वेगळे, वेड लागलेली माणसेही बहुधा वेगळी. पण या माणसांत थोडे बसून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. आपली वस्तू एकट्याने न्याहाळत बसण्यात त्यांच्यापैकी कोणाचेच समाधान होत नाही. गाडीवाला बॉनेट उघडून दाखवतो. रेकॉर्डवाला ‘आता ही बाजू ऐका’ म्हणत सुई बदलतो. अडकित्ता जपणारी बाई तो कोणाच्या रुखवतात आला होता तिथपासून सांगायला लागते. ऐकणारा भेटला की त्यांचा छंद पुरा होतो.

वस्तू टिकवायची तर तिच्याबद्दलचे ज्ञान वाटावे लागते, हे या पुस्तकाचे सूत्र आहे. कार्बोरेटर कसा लावायचा हे सांगणारे कोणी उरले नाही की शोभिवंत मोटार हे एक जड लोखंड होते. गाणारा कोण, राग कोणता, वर्ष कोणते हे पुसले गेले की तबकडी मुकी होते. वस्तूमागची हकीकत गेली की घर आवरताना तिची रवानगी भंगारात होते, आणि तसे करणाऱ्याला दोषही देता येत नाही. संग्राहक मालक असतो तो काही वर्षांपुरता. त्याने जे सांगून ठेवले, ऐकवले, शिकवले, तेच पुढे जाते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकासाठी आधी त्याची मांडणी करायला हवी. सुरुवात संगीतापासून करू, कारण तिन्हींत त्याचा इतिहास सर्वांत नीट नोंदलेला आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात होता. आपल्याकडचे गाणे तबकडीवर उतरले ते त्या मुक्कामात, आणि त्याच फेरीत गौहरजान गायल्या. मायक्रोफोन तेव्हा नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या कंपनाने सुईने मेणावर रेघ कोरायची, अशी ती रीत होती. मूळ मुद्रणे जर्मनीत हानोव्हरच्या कारखान्यात जात आणि तिथे छापलेल्या तबकड्या आगबोटीने परत येत. गाणारे कोण हे तिथल्या तंत्रज्ञांना कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगत. कारखान्याच्या सोयीसाठी उच्चारलेले ते वाक्य आज त्या सगळ्या युगाची ओळख होऊन बसले आहे. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना सुरू झाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. तबकडीचा जीव ज्या लाखेत, ती तर आपल्याच जंगलांतून जगभर जात होती.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर आळवायचा राग तेवढ्या अवधीत मांडायचा, हे त्या पिढीच्या गवयांपुढचे आव्हान होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या की ते किती विचारपूर्वक पेलले गेले हे समजते. पहिल्या स्वरातच राग उभा राहतो, विस्तार आटोपशीर असतो आणि तरी घाई कुठे जाणवत नाही. मराठी रंगभूमीच्या पदांना तर हा अवधी मानवला. नाटक कंपनीचा मुक्काम ज्या गावात कधी पडला नाही, तिथेही बालगंधर्वांचा आवाज फोनोच्या भोंग्यातून पोहोचला. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि हळुवार गळ्यांनाही जागा मिळाली. जी. एन. जोशी यांनी १९३०-४० च्या दशकाच्या आरंभी ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गायले आणि भावगीताची तबकडी घराघरांत वाजू लागली. हेच जोशी पुढे एचएमव्हीत अधिकारी झाले आणि १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्यांच्याच निर्मितीतली. तोवर लाँग प्ले तबकडी रुळली होती. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि रागाला पुन्हा मोकळा श्वास घेता आला. पुढे कॅसेट आली. ती स्वस्त होती, घरच्या घरी भरता येत होती, आणि तिने तबकडीचा बाजार मोडला.

या इतिहासाला एक रिकामी बाजूही आहे. जयपूर घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत आपल्यात होते, म्हणजे ध्वनिमुद्रणाची पहिली चार दशके त्यांच्या हयातीत गेली. तरी त्यांच्या आवाजाची तबकडी आपल्या हाती नाही. त्यांची गायकी ऐकायची ती शिष्यांच्या कंठातून. त्याच परंपरेतल्या केसरबाई केरकरांचे ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत गेले. त्या निवडीसाठी लागणारी तबकडी सहजी मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, खोक्यात पडून राहिलेली सापडली. केरीच्या केसरबाईंचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला, त्याच्या वाटेवर एक विसरलेले खोके होते. संग्राहक प्रत्येक खोके उघडून का पाहतात, याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

७८ फेऱ्यांची एखादी तबकडी जवळून पाहण्यासारखी असते. हातात घेताच वजन जाणवते. ती कडेने धरायची, कारण लाखेची तबकडी पडली की तडकते आणि बोटांचा तेलकटपणा खाचांत बसतो. मधल्या कागदी लेबलावर कंपनीची खूण असते, मग ती कुत्र्याचे चित्र असलेली एचएमव्ही असो, ओडियन असो, कोलंबिया असो की मुंबईची यंग इंडिया. त्याखाली गाणाऱ्याचे नाव, राग, नाटकाचे नाव. लेबल आणि खाचा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर उजेडात तिरपी धरल्यावर एक बारीक कोरलेला आकडा दिसतो. तो मुद्रणाचा क्रमांक. लेबल चुकीचे डकवलेले असू शकते, हा आकडा सहसा चुकत नाही. त्यावरून मुद्रण कोणत्या सत्रात झाले आणि तेच गाणे पुन्हा गाऊन घेतले होते का, हे जाणकार काढतात. वाजवताना दर बाजूला पोलादी पिन नवी लागते. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. झिजलेली पिन दुसऱ्यांदा लावली की ती खाच खाऊ लागते. चावी पुरती दिली नाही तर शेवटी वेग मंदावतो आणि गाणाऱ्याचा षड्जच खाली उतरतो. शिवाय सुरुवातीच्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. म्हणून काही संग्राहक तंबोरा किंवा पेटी जवळ ठेवतात आणि गाणाऱ्याची पट्टी ताडून वेग लावतात. तबकडी वाजवणे हेही शिकण्याचे काम आहे, आणि ते पाहूनच शिकता येते.

मोटारींचा इतिहास याच सुमाराचा आहे. १८९८ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसू लागली आणि जमशेटजी टाटा तिच्या पहिल्या हिंदी मालकांपैकी एक होते. संस्थानिकांच्या गाड्यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे इथे फार थांबत नाही. पण कोल्हापूरच्या मायबाखचा उल्लेख हवाच. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली ही केशरी गाडी दसऱ्याला बाहेर निघते आणि ती पाहायला लोक दुतर्फा उभे राहतात. तिच्यावर हक्क राजघराण्याचा असेल, अभिमान सबंध गावाचा आहे. वाटून घेतलेली वस्तू म्हणतात ती अशी.

सामान्य माणसाच्या मोटारीची गोष्ट कारखान्यांत घडली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लिमथ, मग फियाट बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने इथे उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना दार बंद केले. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, आणि पुढची तीस वर्षे रस्त्यावर मुख्यतः फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड राहिल्या. आपल्या जुन्या गाड्यांच्या संस्कृतीचे मूळ या टंचाईत आहे. परदेशी गाडीचा सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून तो लेथवर कातून घ्यावा लागे. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून हातातली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवावी लागे. त्यातून पत्र्याचे काम करणारे, इंजिन बांधणारे, वायरिंग जाणणारे कारागीर गल्लोगल्ली तयार झाले. इतर देशांत ज्या गाड्या मोडीत गेल्या, त्या आपल्याकडे या हातांनी जगवल्या.

ज्या फियाटला मुंबईकरांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तिच्याच वंशातली प्रीमियर पद्मिनी १९७४ पासून त्या नावाने आली. इंजिन १०८९ सीसी, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. थंडीच्या सकाळी चोक ओढून ती सुरू करायची, इंजिन तापू द्यायचे आणि टॅपेटचा आवाज ऐकायचा. पॉइंट काळे पडले की काचपेपरने घासायचे, जेटमध्ये कचरा आला की काढून फुंकायचा. चांगला मेकॅनिक ट्यूनिंग कानाने करतो. स्क्रू पाव फेरा फिरवतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो, आणि इंजिन एका लयीत आले की हात काढून घेतो. रेकॉर्ड ऐकणारा आणि गाडी लावणारा दोघेही कान तयार झालेली माणसे आहेत, हे या लेखांवर काम करताना मला वारंवार जाणवत राहिले.

तिसरे क्षेत्र आठवणींच्या वस्तूंचे, आणि त्याला मर्यादाच नाही. दिवे, कुलपे, पानदाने, दौती, घड्याळे, लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिले, काड्यापेट्यांवरची चित्रे. महाराष्ट्रात जमवण्या-जपण्याला गंभीर कामाचे रूप आले ते इतिहासकारांमुळे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी छापली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. कागद जपला तर इतिहास बदलतो, हे त्या पिढीने दाखवून दिले.

वस्तूंच्या बाबतीत तेच काम दिनकर गंगाधर केळकरांनी केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे केळकर १९२० च्या सुमारास संग्रहाकडे वळले आणि आयुष्यभर त्याच नादात राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि १९७५ मध्ये ते राज्य सरकारच्या स्वाधीन केले. वीस हजारांच्या घरातल्या या संग्रहात राजेमहाराजांच्या ऐश्वर्यापेक्षा रोजच्या जगण्याला मान आहे. अडकित्ते, वज्र्या, सांडशा, लामणदिवे, खेळणी. सुपारी कातरण्यासारख्या साध्या कामाच्या हत्याराला लोहाराने मोराचा किंवा घोड्याचा आकार का दिला असेल, असा प्रश्न त्या कपाटांसमोर उभे राहिल्यावर पडतो. उत्तर शोधू लागलो की कारागीर दिसतो, त्याचे गिऱ्हाईक दिसते, घर दिसते. गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयाने शेतीची अवजारे आणि घरगुती साधने अशाच दृष्टीने मांडली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवून राखली. ही सगळी माणसे एकाच जातकुळीची.

आता या क्षेत्रातल्या मतप्रवाहांकडे वळू. तिन्ही छंदांत एकच वाद चालतो आणि नव्या वाचकाला तो समजणे फार गरजेचे आहे: जुनी वस्तू जशी मिळाली तशी ठेवायची, नव्यासारखी करायची की वापरायची?

पहिला पंथ जशास तसे राखणाऱ्यांचा. उडालेला रंग, फाटलेले आसन, तबकडीच्या पाकिटावरचा जुन्या दुकानाचा शिक्का, पितळेवरची काळसर झाक हे सगळे पुरावे आहेत असे ते मानतात. एकदा घासूनपुसून टाकलेला पुरावा परत आणता येत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. दुसरा पंथ नूतनीकरण करणाऱ्यांचा. कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडी जशी होती तशी ती दिसावी म्हणून ते मूळ रंगाची छटा शोधतात, मूळ इंजिनाचा नंबर जुळवतात, एका दिव्याच्या काचेसाठी वर्षभर पत्रव्यवहार करतात. कॉन्कूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धा-प्रदर्शनांनी या पंथाला बळ दिले. तिसरा पंथ वापरणाऱ्यांचा. उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, सील वाळतात, पेट्रोल टाकीत राळ धरते; म्हणून गाडी चालली पाहिजे आणि रेकॉर्ड वाजली पाहिजे, असे ते म्हणतात. चौथा पंथ नोंदकारांचा. वस्तू कोणाकडेही असो, तिची माहिती नोंदली जावी एवढाच त्यांचा ध्यास. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हे या वृत्तीचे मोठे उदाहरण. मुंबईतून चालणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनेही हेच काम सातत्याने केले. ओडियनच्या तबकड्या संग्राहकांकडून मिळवून त्यांचे डिजिटल रूप ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या उपक्रमात गेले आणि चौदाशेच्या आसपास ध्वनिमुद्रणे जगाला खुली झाली.

माझे मत विचाराल तर चौथा पंथ सर्वांत कमी प्रसिद्ध आणि सर्वांत आवश्यक आहे. पहिल्या तिघांचे भांडण नोंदीमुळे सुटू शकते. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेचा गाभाही असाच आहे: गाडी चालती राहावी, बदल कमीत कमी व्हावेत आणि जे होतील ते लिहून ठेवावेत. रंग बदलावा लागला तर जुन्या रंगाचा तुकडा आणि छायाचित्र ठेवा. तबकडी घासली जाणार असेल तर आधी तिचे चांगले मुद्रण करून घ्या. आजीच्या लुगड्याचा काठ कापून गोधडीला लावणार असाल तर ते लुगडे कोणाचे, कधीचे, हे गोधडीबरोबर लिहून ठेवा. लिहिलेले असले की पुढच्या माणसाला आपला निर्णय पारखता येतो.

वाटून घेण्याच्या तऱ्हाही काळाबरोबर बदलल्या. ग्रामोफोन महाग होता तेव्हा एका घरच्या फोनोभोवती आळी जमत असे. स्टेट्समन वृत्तपत्राने १९६४ मध्ये दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली आणि लोकांना रस्त्यावर उभे राहून हा छंद पाहता आला. मुंबई-पुण्यात गाड्यांचे मेळावे होऊ लागले, रेकॉर्ड ऐकण्याच्या बैठका होऊ लागल्या. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार यांना तर या छंदाच्या शाळाच म्हटले पाहिजे. कोणती वस्तू खरी, कोणती जोडलेली, भाव कुठे थांबवायचा, हे तिथल्या विक्रेत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. या विक्रेत्यांची, मेकॅनिकांची, साउंडबॉक्स दुरुस्त करणाऱ्यांची नावे संग्रहांच्या पाट्यांवर क्वचितच दिसतात. वाटण्याची भाषा करायची तर श्रेयही वाटले पाहिजे.

हे सगळे आताच का सांगायचे? कारण गेल्या काही वर्षांत जुन्या वस्तूंबद्दलचे नियम आणि परिस्थिती दोन्ही वेगाने बदलली. २०२३ च्या सप्टेंबरात मुंबईत बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर बस शेवटची धावली. पुढच्याच महिन्यात मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि टॅक्सीला मुभा वीस वर्षांची. त्या दिवसांत लोकांनी या गाड्यांबरोबर फोटो काढले, निरोप दिला. एरवी कोणी न पाहिलेली रोजची वस्तू जाताना सगळ्यांची झाली.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरपट्टीत ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही; रॅली, प्रदर्शन, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. इंग्लंडमधल्या संग्राहकांच्या परिभाषेत व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३० ची मोटार. आपल्या कायद्यामुळे पद्मिनीच्या पहिल्या गाड्याही त्या मानाला पोहोचल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. अडचण आहे ती मधल्या गाड्यांची. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. तिला हा दर्जा मिळायला २०३३ उजाडेल. तोवर फेरनोंदणीचे शुल्क, फिटनेस आणि भंगार धोरण यांतून तगायचे आहे. त्यात इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले, जे जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांना आणि सीलना मानवत नाही. ज्या गाडीने मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा महाबळेश्वर दाखवले, तिच्या चांगल्या प्रती ५० वर्षे पूर्ण होण्याआधीच संपू नयेत, याची काळजी आज घ्यावी लागेल.

घरांचेही असेच आहे. वाडे पाडून इमारती होतात, माळे उरत नाहीत, मुले बंगळुरूला किंवा परदेशी असतात आणि घर आठवड्यात रिकामे करायचे असते. दुसरीकडे जवळजवळ प्रत्येक गाणे फोनवर मिळते अशी समजूत झाली आहे. ती खरी नाही. जे कंपन्यांनी पुन्हा प्रसिद्ध केले किंवा संग्राहकांनी चढवले तेच तिथे आहे. छोट्या कंपन्यांच्या तबकड्या, मेळ्यांची गाणी, जिल्ह्याच्या गावातल्या गवयांची मोजकी मुद्रणे आजही कोणाच्या तरी कपाटातच आहेत. आणि चांगल्या कपाटाइतकीच चांगल्या कानांची चणचण आहे. स्टिअरिंगच्या दांडीचा गिअर लावून देणारे, स्प्रिंग तुटलेला फोनो पुन्हा चालता करणारे कारागीर साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्याकडून शिकायला हाती आहेत ती थोडी वर्षे.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहते? पहिली गोष्ट, इथे किमतींची चर्चा नाही. कोणती तबकडी किती रुपयांना गेली हे सांगणारे साहित्य भरपूर आहे आणि त्याने या छंदाचे भले झालेले नाही. भाव चढला की वस्तू तिजोरीत जाते. दुसरी, लेखकांची निवड संग्रहाच्या आकारावरून केलेली नाही. एकच स्कूटर चाळीस वर्षे सांभाळणारा आणि हजारो तबकड्यांचा धनी यांना इथे सारखीच पाने आहेत. कारागीर, वाहक-चालक, दुकानदार यांनाही आम्ही लिहिते किंवा बोलते केले. तिसरी, प्रत्येकाला आम्ही एकच विनंती केली की वस्तूबद्दलचे प्रेम सांगाच, पण तिचे काम कसे चालते तेही सांगा. त्यामुळे आठवणींच्या ओघात मध्येच ग्रीस कुठे लावायचे, कागदाला कसर लागू नये म्हणून काय करायचे, पितळ कशाने घासू नये अशी माहिती येते. संपादनात ती आम्ही मुद्दाम राखली. प्रेम आणि कसब वेगळे काढता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

हे पुस्तक कोश नाही. मोटारींचे सर्व मेक, ध्वनिमुद्रणाच्या सर्व कंपन्या किंवा संग्रहालयांची संपूर्ण यादी इथे मिळणार नाही. विदर्भ आणि खानदेशातली आणखी माणसे आम्हाला हवी होती, आणि स्त्रियांच्या संग्रहांवर तर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. घराघरांतली भांडी, दागिन्यांच्या डब्या, विणकामाचे नमुने, ओव्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच सांभाळल्या, पण त्यांना संग्राहक असे कोणी म्हटले नाही. पुढच्या अभ्यासकांनी ते काम हाती घ्यावे. या पुस्तकातले लेख त्यांना साधन म्हणून उपयोगी पडले तर आमचा हेतू साधला.

वाचकाला एकच सांगणे आहे. लेख वाचून झाले की आपल्या घरातली एक वस्तू निवडावी. ती कोणाची, कुठून आली, कशाला वापरत, कोणी दुरुस्त केली, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून तारखेसह लिहून काढावे आणि तो कागद वस्तूबरोबरच ठेवावा. रेकॉर्ड असेल तर ती चार जणांना बोलावून ऐकवावी, गाडी असेल तर शेजारच्या मुलांना तिच्या बॉनेटखाली डोकावू द्यावे. राजवाड्यांना दप्तरे मिळाली ती कोणी तरी माळ्यावर सांभाळून ठेवली होती म्हणून, आणि ती इतिहासाला उपयोगी पडली ती माळ्यावरून खाली आली म्हणून. सांभाळणे आपल्याला चांगले येते. खाली उतरवून वाटण्याचे काम या पिढीने करायचे आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसे, साधने आणि उत्साह आज आपल्याकडे पुरेसा आहे.